परतीच्या पावसात तिखाडीची गंजी लावू नका

बरडावर, सातपुड्याच्या उतारांवर आणि यवतमाळ-गडचिरोलीच्या उघड्या जंगलात तिखाडी, म्हणजे ज्याचं सुगंधी तेल वाफेवर काढतात ते रोशा गवत, आता फुलोऱ्यावर आहे. परतीचा पाऊसही याच दिवसांत येतो. विदर्भातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो आणि जाता जाता दुपारनंतरचे गडगडाटी पाऊस देऊन जातो. वर्षभरात रोशाचं सगळ्यात जास्त तेल याच पंधरवड्यात वाया जातं. त्याला कीड कारण नसते, रोगही नसतो. ढग दिसले की घाईघाईने गवत कापलं जातं, ओल्या पेंढ्या बांधून तेल काढायच्या भट्टीजवळ गंजी लागते, वर ताडपत्री ओढली जाते आणि भट्टीचा नंबर लागेपर्यंत दोन-तीन दिवस ती गंजी तशीच दडपून राहते. तेल तिथे जातं.

म्हणून या पंधरवड्यात बाकी सगळ्याच्या आधी एवढं सांभाळा:

- भट्टी रिकामी असल्याशिवाय विळा लावू नका.
- पाऊस पडत असताना किंवा पानांवर दव असताना कापू नका. सकाळी दव वाळल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास सुरुवात करा.
- कापलेलं गवत सावलीत, वीतभर जाडीच्या थरात पसरा. गंजी नको, घट्ट पेंढ्या नकोत.
- ओल्या गवतावर ताडपत्री टाकू नका.

गंजीत काय होतं ते स्वतः बघता येतं. ओल्या पेंढ्यांची पुरुषभर उंच गंजी लावून एक रात्र गेली की सकाळी तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घाला. बाहेरचं गवत गार लागतं, वीतभर आत कोमट आणि मध्यभागी हात ठेववत नाही इतकं गरम. हात बाहेर काढला की त्यावर पाण्याचे थेंब असतात. वास घ्या. वरच्या पेंढीला गुलाबासारखा गोड वास येतो, आतल्या पेंढीला आंबवणासारखा, शिळ्या भाकरीसारखा. आणखी एक दिवस थांबलात तर पेंढीच्या बंधाशी पांढरी बुरशी दिसते आणि पानं पिवळी न होता तपकिरी होऊन बोटांना चिकटतात. ती पेंढी भट्टीत घालून चांगलं तेल निघण्याची आशा धरू नका.

कारण असं. कापलेलं गवत लगेच मरत नाही, पेशींचा श्वास चालू राहतो आणि त्यातून उष्णता निघते. पसरलेल्या गवतातून ती निघून जाते, गंजीत कोंडते. रोशाचं तेल पानाच्या आणि फुलोऱ्याच्या आतल्या पेशींत असतं. या उष्णतेने आणि कुजण्याने पेशी फुटतात, तेल वाफेसोबत उडतं. जे उरतं त्याचीही प्रत घसरते. या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल, आणि फुलोऱ्यात त्याच्यासोबत जिरॅनिल ॲसिटेट असतं. गरम ओलाव्यात हे ॲसिटेट फुटतं आणि ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे शिर्क्यातलं आम्ल. तेलाला आंबूस वास लागतो तो असा. व्यापारी झाकण उघडताच भाव पाडतो, आणि घरी दोष जातो भट्टीला, बियाण्याला नाहीतर जमिनीला.

जमिनीचा वाटा किती, तेही नीट समजून घ्या, कारण इथे बरीच गफलत होते. कोणत्या प्रकारचं तेल निघणार हे मुख्यतः बियाण्यावर ठरतं. किती निघणार आणि कितपत चांगलं निघणार हे जागा, ऊन, पाणी आणि कापणीचा दिवस यांवर ठरतं.

रोशाचे दोन प्रकार आपल्याकडे रानात शेजारी-शेजारी सापडतात, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या, उघड्या उतारावर सुटा-सुटा वाढतो. सोफिया खालच्या अंगाला, नाल्याकाठी आणि लवणात (खोलगट जागी), ओल धरणाऱ्या भारी जमिनीत दाट माजतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण ७५ ते ९० टक्के असतं. सोफियात ते बरंच कमी असतं आणि त्याच्या तेलाला सुंठेसारखा तिखट वास असतो. बाजारात ते वेगळ्या नावाने आणि कमी भावाने जातं. जुन्या काळी मोतियाचं तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ हे नाव पडलं ते त्यामुळेच. हा गुलाबाचा वासच त्याची किंमत आहे. शंभर पेंढ्यांत वीस पेंढ्या सोफियाच्या गेल्या तरी भट्टीच्या अख्ख्या टाकीतल्या तेलाचा वास बदलतो.

ओळखायला फुलोरा तळहातावर जोरात चोळा, दहापर्यंत आकडे मोजा आणि मग हुंगा. आधीचा हिरवा वास उडून जातो आणि मागे खरा वास राहतो. गुलाब आणि त्यामागे हलकं लिंबू आलं तर मोतिया. सुंठ-जिऱ्याकडे गेला तर सोफिया. मोतियाची पानं दांड्यापासून जास्त आडवी फाकतात, सोफियाची वर उभी राहतात असंही सांगतात आणि बहुतेक वेळा ते जुळतं. तरी नाकाचा निर्णय शेवटचा माना. ओळखलेल्या सोफियाच्या थोंबांवर (गवताच्या झुबक्यांवर) कापणीआधीच चुन्याची खूण करून ठेवा. कापणाऱ्यांना ऐन वेळी फरक कळत नाही.

मोतियाचं बियाणं लवणात लावलं म्हणून त्याचा सोफिया होत नाही. अशी समजूत गावोगाव आहे, ती चुकीची आहे. मात्र लवणात त्याच मोतियाचं तेल घटतं. मुळाशी पाणी साचलं की मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, थोंबाचा मधला भाग काळा होतो. ज्या वावरात पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही पावलाच्या खुणेत पाणी भरतं, तिथे रोशा लावू नका. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. रोशा चोपण (क्षारांनी घट्ट झालेली) जमीन आणि ९ च्या आसपासचा सामू (पीएच) सोसतो हे खरं आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यात तो लावा म्हणून सांगितलं जातं ते त्यामुळे. पण ती जमीन भारी आणि चिकण आहे, पाणी तिच्यावर उभं राहतं. क्षार तो सोसेल, साचलेलं पाणी सोसणार नाही. तिथे लावायचाच असेल तर उंच वरंब्यावर लावा आणि धुऱ्याला चर काढून पाण्याला वाट करून द्या.

ऊन ही दुसरी गोष्ट. सावलीत रोशाचं पान लांब, मऊ, गडद हिरवं होतं, दिसायला देखणं आणि तेलाला हलकं. सागाच्या रानात याचा फटका बसतो, कारण साग पावसाळाभर पूर्ण पानावर असतो आणि रोशाच्या वाढीचे दिवस नेमके तेच. साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पान गाळतो तेव्हा गवत वाळून गेलेलं असतं. म्हणून गोळा करणाऱ्यांनी दाट सागाखालचं गवत सोडून उघड्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरचं आधी घ्यावं. आकाराने ते खुरटं असतं, पण तेल त्यातच जास्त.

पावसाचंही तसंच आहे. बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ७५०-८०० मिलिमीटर पडतो, गडचिरोलीत १३०० च्या वर. पूर्वेला गवत उंच आणि वजनदार होतं, पश्चिमेला कमी उंच पण टक्केवारीला बरं. वजन पाहून भुलू नका. तेल पानात आणि फुलोऱ्यात आहे, दांड्यात नावालाच. ताज्या गवताचा उतारा, म्हणजे गवताच्या वजनामागे निघणारं तेल, साधारण ०.३ ते ०.६ टक्के पडतो. म्हणजे १ टन गवतातून कधी ३ किलो, कधी ६ किलो. एकाच वावरात एवढा फरक कापणीचा दिवस आणि गंजी मिळून पाडतात.

आता कापणीचा दिवस. शिफारस अशी की फुलोरा पूर्ण उमलल्यावर ७ ते १० दिवसांनी कापा. कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट जास्त असतं, फुलोरा पक्व होत जातो तसं जिरॅनिऑल वाढतं. ही झाली शास्त्राची बाजू. शेतातला अंदाज असा की वावरात उभं राहून दूर पाहिलं तर फुलोऱ्यावर हिरव्याऐवजी तांबूस झाक दिसली पाहिजे, आणि कणीस चिमटीत दाबलं तर दाणा लागला पाहिजे पण गळता कामा नये. दाणे गळायला लागले, खालची पानं कागदासारखी वाजायला लागली की उशीर झाला.

या दिवसांत पाऊस मध्ये आला तर काय करायचं? थांबा. एका जोरदार पावसानंतर लगेच कापलेल्या गवतात पाणीच जास्त भरतं आणि टाकीत तेच पाणी उकळायला लाकूड जळतं. स्वच्छ ऊन पडल्यावर तीन-चार दिवस जाऊ द्या. हा आकडा अनुभवाचा आहे, कोणत्या पुस्तकातला नाही. पण उन्हाचे हे तीन-चार दिवस मिळाले की पान पुन्हा ताठ होतं आणि उतारा सुधारतो. झड आठवडाभर लांबली आणि दाणा गळायला लागला, तर पावसाच्या उघडिपीत थोडं-थोडं कापा आणि त्याच दिवशी भट्टीत घाला. झड आहे म्हणून सगळं कापून गंजीत साठवू नका. उभं गवत पावसात जेवढं तेल गमावतं त्यापेक्षा गंजीतलं गवत कितीतरी जास्त गमावतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला बघा, ‘मेघदूत’ ॲपवर आपल्या जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघा. ऑक्टोबरातला गडगडाट विजेचा असतो. उघड्या उतारावर कापणारे असतील तर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप चालू ठेवा आणि आवाज आला की माणसं खाली उतरवा, एकट्या झाडाखाली थांबू देऊ नका.

किती कापायचं याचा हिशोब उलटा मांडा, भट्टीकडून वावराकडे. समजा टाकी ५०० किलोची आहे. भरायला अर्धा तास, वाफ चालू झाल्यावर अडीच ते तीन तास, काढायला आणि थंड व्हायला अर्धा-पाऊण तास. एक घाणा चार तासांचा. दिवसात दोन घाणे झाले तर एक टन. सुकवलेलं गवत टाकीत ताज्यापेक्षा जास्त बसतं, साधारण दीडपट, तेवढी सूट धरा. त्याहून जास्त एका दिवसात कापायचंच नाही. मजूर जास्त आलेत म्हणून कापणी वाढवली की संध्याकाळी गंजी लागणारच. उरलेल्या मजुरांना निवडणीवर लावा: गाजरगवत, टाकळा, रानतुळस, सोफिया वेगळा काढा. या निवडणीच्या कामात कंजूषी नको, गाजरगवताची दहा झाडंसुद्धा तेलाला कडवट वास देतात.

सुकवणी: सावलीत, वारा लागेल अशा जागी, एक दिवस. दिवसातून दोनदा उलथा. पान मऊ पडलं पाहिजे, चुरायला नको. कडक उन्हात पसरलं तर तेल उडतं. जागा नसेल तर एक मांडव करा: वर पत्रा किंवा पळसाच्या फांद्या, चारही बाजू उघड्या, खाली बांबूचा माचा जमिनीपासून हातभर वर, म्हणजे खालूनही वारा लागतो. या मांडवाला जो खर्च येईल तो या पिकावरचा सगळ्यात कामाचा खर्च आहे.

आणि याच जागी कृषी केंद्रातल्या बाटल्यांचा विषय येतो. ‘तेलाची टक्केवारी वाढवणारं’ टॉनिक, संप्रेरकं, ह्युमिक, सिलिकॉन असं सप्टेंबरात गळ्यात मारलं जातं. घेऊ नका. फुलोरा आल्यावर फवारलेल्या टॉनिकने तेल वाढल्याचं वावरात दिसत नाही, उधारी मात्र वाढते. ज्याच्या गवताची गंजी तापते त्याला कोणतंही टॉनिक वाचवू शकत नाही. युरियाचंही तेच. नत्राने पाला वाढतो, त्यामुळे एकरी तेल काही मर्यादेपर्यंत वाढतं, पण त्यापुढे टक्केवारी उतरते, गवत लोळतं आणि लोळलेलं गवत खालून सडतं. कापणीला महिना राहिला असेल तर युरिया टाकू नका, औषधही फवारू नका. कीटकनाशकाचा अंश तेलात उतरतो आणि निर्यातीचा माल परत येतो. पानावर तपकिरी ठिपके पसरत असतील आणि कापणीला भरपूर वेळ असेल तरच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात. या दिवसांत दिसलेल्या ठिपक्यांवर उपाय एकच, वेळेत कापणी. जंगलातल्या गवतावर काहीही फवारायचं नाही.

लागवडीची नेहमीची कामं, पुढच्या हंगामासाठी:

- वाण: त्रिष्णा, तृप्ता, पीआरसी-१. सगळे मोतिया.
- बियाणं: एकरी १ किलो, वाळूत मिसळून गादीवाफ्यावर.
- रोपवाटिका: मे. पुनर्लागवड: पाऊस लागल्यावर, ३०-४० दिवसांची रोपं.
- अंतर: ६० × ३० सें.मी. हलक्या जमिनीत ४५ × ३०.
- खत: हेक्टरी ४०-६० किलो नत्र विभागून, ४०-५० स्फुरद, ४० पालाश. युरियाची ४५ किलोची एक गोणी एकराला टाकली की हेक्टरी ५० किलो नत्राच्या आसपास होतं, त्याच्या फार वर जाऊ नका.
- निंदण: पहिल्या दोन महिन्यांत दोन.
- कापणीची उंची: जमिनीपासून १५-२० सें.मी.
- पीक: तीन-चार वर्षं फायद्याचं, नंतर मोडा.

भट्टीवर चार गोष्टी बघा. टाकीत गवत सारखं दाबा, कडेला पोकळी राहिली की वाफ तिथूनच पळते आणि मधलं गवत कोरडंच राहतं. तळाच्या पाण्यात गवत बुडू देऊ नका, जाळीवरच ठेवा. बाहेर पडणारं पाणी हाताला गार किंवा जेमतेम कोमट लागलं पाहिजे, गरम लागलं तर गार करणाऱ्या नळीला पाणी कमी पडतंय आणि तेल हवेत जातंय. टाकी गंजलेली असेल तर तेल लालसर होतं, आतून घासून घ्या, पहिला घाणा नुसत्या पाण्याचा काढा.

तेल पाण्यावर तरंगतं, ते काढल्यावर एक रात्र स्थिर ठेवा, तळाचं पाणी सोडा, कापडातून गाळा. ॲल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात तोंडापर्यंत भरा, प्लास्टिकचे कॅन नकोत. भेसळीची शंका आली तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये तेलाच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात मिसळून बघा. शुद्ध तेल विरघळून स्वच्छ दिसतं, रॉकेल किंवा खोबरेल असेल तर गढूळ होतं.

जंगलातून गोळा करणाऱ्यांसाठी: २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेचा ठराव आधी घ्या, वाहतुकीचा पास ग्रामसभेकडून घ्या. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात जाऊ नका. थोंब उपटू नका, दर पाचवा थोंब बियाण्याला सोडा आणि तो उताराच्या वरच्या अंगाचा सोडा, बी खाली पसरतं. रानातून भट्टी लांब असते, तिथे गंजीचा धोका दुप्पट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाबून भरलेलं गवत रात्रभर उभं राहिलं तर तीच गंजी झाली. ट्रॉली संध्याकाळी पोहोचणार असेल तर रात्रीच उतरवून पसरा.

वाळा आणि नागरमोथ्याबद्दल थोडक्यात. दोघांचंही तेल जमिनीखाली, म्हणून यांना पाऊस संपू द्या, वरचा पाला वाळू द्या, मग खणा. वाळूमिश्रित जमिनीत मूळ पूर्ण निघतं, काळ्या मातीत अर्धं तुटून राहतं. धुऊन सावलीत सुकवा. ढीग यांचाही नको.

गंजी आधीच लागलेली असेल आणि तापली असेल तर आत्ता हे करा. ताडपत्री काढा, रात्र असली तरी. गंजी फोडा, पेंढ्यांचे बंध कापा. हात घालून तीन वाटे करा: गार आणि हिरव्या वासाचं, कोमट पण वास शाबूत असलेलं, आणि आंबलेलं-चिकट. पहिलं पसरा, ते उद्याही चालेल. दुसरं सगळ्यात आधी भट्टीत घाला, त्याला वेळ नाही. तिसरं भट्टीत घालू नका, त्यातून जाळलेल्या लाकडाचा खर्चही सुटत नाही, वाळवून जळणाला किंवा खताच्या खड्ड्यात टाका. दुसऱ्या वाट्यातून निघालेलं तेल वेगळ्या भांड्यात ठेवा, त्यावर तारीख आणि ‘गंजीचं’ असं लिहा, आणि चांगल्या तेलाच्या डब्यात एक वाटीसुद्धा ओतू नका.